वाचले, मिटले, विसरले

ग्रंथालयातून कादंबरी घरी आणावी, तीस-चाळीस पाने वाचून व्हावीत आणि मग एखाद्या प्रसंगाशी मन अडखळावे: हे आपण आधी वाचले आहे! कधी वाचले ते आठवत नाही, शेवटही आठवत नाही. पण आता त्या घरातला म्हातारा आजारी पडणार, एवढे मात्र पक्के ठाऊक असते. याच्या उलटा प्रकारही तितकाच ओळखीचा. "ते पुस्तक वाचलंय का?" असे कोणी विचारले की आपण लगेच "हो" म्हणतो. मुखपृष्ठाचा रंग आठवतो, कोणाकडून आणले होते ते आठवते, एसटीत वाचत बसलो होतो आणि बाहेर पाऊस होता हेही आठवते. "काय आहे त्यात?" असे पुढे विचारले, की दोन वाक्यांत गाडी थांबते.

मग बरेच जण यादी ठेवायची ठरवतात. नवी वही, नेटके रकाने, पुस्तकाचे नाव, लेखक, तारीख. काही महिन्यांत वही मागे पडते आणि आपण स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतो. मला ते पटत नाही. अशी यादी ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीच्या धर्तीवर केलेली असते. कपाटात कोणते पुस्तक आहे हे कळण्यासाठी ती उत्तम. वाचकाला ज्याची गरज असते ते मात्र तिच्यात नसते. म्हणून आधी आपण विसरतो कसे ते पाहू. नोंद कशी असावी, हे त्यातूनच ठरत जाते.

आठवणींचे दोन प्रकार

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ एन्डेल टल्विंग यांनी १९७२ मध्ये स्मृतीचे दोन प्रकार वेगळे करून मांडले. पहिली प्रसंगस्मृती: कुठे, कधी, कोणाबरोबर, काय घडले. दुसरी अर्थस्मृती: जगाविषयीचे ज्ञान, ते कुठून मिळाले याच्या खुणा गळून गेल्यावर उरते ते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपल्याला माहीत असते, पण ते कोणत्या दिवशी, कोणत्या बाकावर बसून शिकलो हे सांगता येत नाही.

पुस्तक वाचताना हे दोन्ही प्रकार एकाच वेळी कामाला लागतात आणि नंतर आपापल्या वाटेने झिजतात. एसटीतला पाऊस प्रसंगस्मृतीत राहिला, मजकूर गेला. म्हातारा आजारी पडणार हे ज्ञान राहिले, वाचल्याचा प्रसंग गेला. आपण बोलताना ठामपणे एखादी माहिती सांगतो आणि "कुठे वाचलंस?" या प्रश्नावर अडतो, त्याचेही मूळ इथेच आहे. माहिती टिकते, तिचा पत्ता आधी पुसला जातो.

चांगल्या नोंदीत या दोन्ही बाजूंना जागा हवी. नाव-लेखक-तारीख या तीन रकान्यांत एकीचाही पुरता समावेश होत नाही.

पहिल्या चोवीस तासांत काय होते

जर्मन संशोधक हेरमान एबिंगहाउस यांनी विसरण्याचे मोजमाप स्वतःवरच केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. ते निरर्थक अक्षरगटांच्या माळा तोंडपाठ करत, ठरावीक वेळ जाऊ देत आणि तीच माळ पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजत. वेळ जितका वाचेल तितकी आठवण शिल्लक, असा हिशेब. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के बचत झाली, एका तासाने ४४, एका दिवसाने ३४. मग मात्र उतार मंदावला: सहा दिवसांनी २५ आणि एकतीस दिवसांनी २१ टक्के.

कादंबरी किंवा चरित्र म्हणजे निरर्थक अक्षरे नव्हेत. अर्थ असलेला मजकूर कितीतरी जास्त टिकतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे पुस्तकांना लावू नयेत. पण सुरुवातीला झपाट्याने घसरण आणि नंतर संथ झीज, ही चाल तिथेही दिसते. वाचकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. पुस्तक मिटल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या चार ओळी, महिनाअखेरीस बसून लिहिलेल्या पानभर मजकुरापेक्षा मोलाच्या असतात.

उशीर केला तर आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला जास्त गंभीर वाटते. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी आपल्या प्रयोगांत इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली. १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात याचे सविस्तर वर्णन आहे. कथा लहान होत गेली, आणि बदलतही गेली. त्या प्रदेशातली लांबोडकी होडी इंग्रजांच्या परिचयाची साधी नाव झाली. सीलची शिकार करायला निघालेली माणसे मासेमारीला निघाली. जे आपल्या अनुभवात बसत नव्हते ते वाचकांनी नकळत बसेल असे करून घेतले. म्हणजे विसरलेली जागा रिकामी राहत नाही, आपण ती आपल्याजवळच्या सामानाने भरून काढतो आणि आपल्याला ते कळतही नाही. दोन वर्षांनी आठवून लिहिलेले पुस्तक त्यामुळे बरेचसे आपलेच असते.

पुस्तक बंद करून लिहा

नोंद कधी करायची ते कळले. ती करायची कशी? पुस्तक उघडे ठेवून, खुणा केलेली वाक्ये उतरवून काढणे ही सर्वांत प्रचलित रीत. मेहनत दिसते, वही भरते, पण आठवणीला त्याचा फायदा कमी होतो.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे माहितीपर उतारे वाचायला दिले. मग काहींना तोच उतारा पुन्हा वाचायला सांगितला, तर काहींना उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र चित्र उलटले. पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले आणि आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर टिकले.

आठवण बाहेर ओढून काढण्याच्या श्रमानेच ती पक्की होते, असा याचा अर्थ. दुसऱ्या वाचनात सगळे ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच लक्षात असणे अशी आपली समजूत होते. कोरा कागद ही समजूत लगेच मोडतो.

नोंदीचे काम काय, हेही इथे स्पष्ट होते. पुस्तकातले सगळे नोंदीत उतरवायचे नसते. आठवणीची विहीर आत असते. नोंद म्हणजे पोहऱ्याचा दोर. दोरात पाणी साठवायचा प्रयत्न करू नये, तो तळापर्यंत पोचेल एवढा लांब आणि हाताला गवसेल असा असावा. मानसशास्त्रज्ञ ज्याला आठवणीची खूण म्हणतात ती हीच. खूण जितकी विशिष्ट, तितके वर येणारे जास्त. "भाषा ओघवती, व्यक्तिचित्रण प्रभावी" ही ओळ शंभर पुस्तकांना लागू पडते, म्हणून ती एकाही पुस्तकापर्यंत नेत नाही.

एक नोंद जवळून

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेऊ. १९५५ ची कादंबरी, आकाराने लहान, बहुतेकांच्या परिचयाची. नेहमीच्या यादीत तिची नोंद अशी दिसते: "बनगरवाडी – माडगूळकर – छान." नोंदवहीत पाच वर्षांनी ही ओळ समोर आली तर तिच्यातून काहीच निघणार नाही. शिवाय माडगूळकर कोणते, ग. दि. की व्यंकटेश, हेही तिथे नाही.

आता दुसरी, पुस्तक बंद करून लिहिलेली:

"बनगरवाडी, व्यंकटेश माडगूळकर. ग्रंथालयाची प्रत, दुसऱ्यांदा, मे महिन्यात गावी. पहाटे चालत येणारा तरुण मास्तर. शाळा आहे, मुले नाहीत. म्हातारा कारभारी वळला की वाडी वळते. सगळे राबून तालीम बांधतात, राजा येतो. मग पाऊस दडी मारतो, मेंढरे मरतात, वाडी उठते. पहिल्या वेळी मास्तरची गोष्ट वाटली होती, या वेळी वाडीची. तालमीसाठी घेतलेल्या श्रमांचे शेवटी काय झाले? पाहा: माणदेशी माणसे."

साठेक शब्द, दहा मिनिटांचे काम. पण यात काय काय आले पाहा. प्रत कुठून आणली आणि कुठे वाचली, ही प्रसंगस्मृतीची बाजू. पहाट, तालीम, मेंढरे या विशिष्ट खुणा. त्यांतली एक जरी वाचली तरी भोवतीचे प्रसंग मागोमाग येतात. पहिल्या आणि दुसऱ्या वाचनातला फरक एका वाक्यात. एक न सुटलेला प्रश्न, ज्यामुळे पुस्तक मनात पूर्ण मिटत नाही. आणि दुसऱ्या पुस्तकाकडे जाणारी वाट.

गुण किंवा तारे मी यात मुद्दाम धरलेले नाहीत. पाचपैकी चार तारे हा निकाल आहे. निकालावरून खटला आठवत नाही.

चौकट: नोंदीत काय असावे

पूर्ण नाव आणि लेखक. अनुवाद असेल तर अनुवादकही. प्रकाशक, आवृत्ती, वर्ष. वाचून संपल्याचा महिना आणि प्रत कुठून मिळाली. कोणामुळे वाचले. पुस्तक बंद करून लिहिलेल्या तीन ते सहा ओळी. परत शोधावा लागेल असा उतारा असल्यास त्याचा पान क्रमांक. एक प्रश्न किंवा एक मतभेद. अर्धवट सोडले असेल तर कुठे सोडले आणि का.

डार्विनच्या दोन याद्या

हे सगळे जुनेच आहे. चार्ल्स डार्विनने १८३८ पासून १८६० पर्यंत वाचनाच्या वह्या ठेवल्या. त्यांत दोन वेगळ्या याद्या होत्या: वाचायची पुस्तके आणि वाचलेली पुस्तके. ही विभागणी साधी वाटते, पण फार उपयोगाची आहे. बहुतेकांच्या डोक्यात या दोन याद्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. परीक्षण वाचलेले पुस्तक आणि प्रत्यक्ष वाचलेले पुस्तक यांतला फरक काही वर्षांनी पुसट होतो.

डार्विन एवढ्यावर थांबला नाही. स्वतःच्या प्रतीत तो मागच्या कोऱ्या पानांवर आपल्या कामाच्या मुद्द्यांची छोटी सूची करून ठेवी. पुस्तक दुसऱ्याचे असेल तर वेगळा गोषवारा लिहून काढी. त्याच्याकडे विषयवार तीस-चाळीस मोठ्या फायली होत्या. नवा विषय हाती घेताना तो या सूच्या आणि त्या विषयाची फाइल आधी चाळत असे. आयुष्यभराचे वाचन असे त्याच्या टेबलावर येत असे.

तारखेचे महत्त्वही त्याच्याच उदाहरणातून दिसते. माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध त्याच्या विचाराला कलाटणी देणारा ठरला. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात तो म्हणतो की हा निबंध आपण ऑक्टोबर १८३८ मध्ये वाचला. त्याच्या टिपणवहीत मात्र माल्थसविषयीचा मजकूर २८ सप्टेंबरच्या तारखेखाली आहे. फरक थोड्या दिवसांचा, पण असल्या तारखांमुळेच अभ्यासकांना त्याचा विचार कोणत्या क्रमाने पुढे सरकला ते पाहता आले.

आपल्या जवळचे उदाहरण येरवड्याचे. मार्च १९२२ ते फेब्रुवारी १९२४ या तुरुंगवासात गांधीजींनी रोजनिशी ठेवली होती. तिच्यातल्या नोंदी अगदी त्रोटक: हे पुस्तक आज सुरू केले, ते संपवले. एवढ्यानेही त्या काळातल्या त्यांच्या वाचनाचा पट समोर येतो. आणि वाचनाची नोंद स्वतंत्र साहित्य होऊ शकते हे सतीश काळसेकरांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या पुस्तकाने दाखवले. त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्यांना नोंदी लिहिणे रुक्ष वाटते त्यांनी ते जरूर वाचावे.

वहीला बाराखडीची सूची

वहीचा दोष एकच, शोधाशोध. नोंदी तारखेच्या क्रमाने येतात आणि आपल्याला हवा असतो विषय. दुष्काळाबद्दल आपण कुठे कुठे वाचले? उत्तर पाच वर्षांच्या पानांत विखुरलेले असते. विषयवार पाने आधीच आखून ठेवली तर काही कोरी राहतात, काही भरून वाहतात.

इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक याने यावर तोडगा काढला आणि तो १६८६ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात छापला. वहीच्या सुरुवातीची दोन पाने सूचीसाठी राखायची. प्रत्येक अक्षराखाली पाच स्वरांची पाच घरे आखायची. विषयाच्या शब्दाचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर पाहून घर ठरवायचे. विषय नवा असेल तर वहीत पुढे जे कोरे पान असेल ते घ्यायचे आणि त्याचा क्रमांक त्या घरात लिहायचा. त्यामुळे एकही पान वाया जात नाही आणि शोधायला दोनच पाने पाहावी लागतात.

लॉकला हा तक्ता खास तयार करावा लागला; मराठी वाचकाला तो पहिलीपासून पाठ आहे. व्यंजने उभी, स्वर आडवे, म्हणजे आपली बाराखडीच. दुष्काळ 'दु'च्या घरात, शाळा 'शा'च्या, मिठागर 'मि'च्या. जोडाक्षर असेल तर पहिले व्यंजन आणि त्या जोडाक्षराचा स्वर घ्यावा: स्त्रीशिक्षण 'सी'त, प्रवास 'प'त. ह्रस्व-दीर्घाची दोन घरे एकत्र केली तर तक्ता आणखी सुटसुटीत होतो. शेवटच्या दोन पानांवर हा आखून ठेवावा आणि प्रत्येक नोंदीनंतर दोन-तीन विषयांचे पान क्रमांक त्यात टाकावेत. वही संपेपर्यंत ती आपल्या वाचनाचा छोटा कोश झालेली असते.

फोनवर ठेवायची तर

लायब्ररीथिंग २००५ मध्ये आणि गुडरीड्स २००७ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून बरेच वाचक तिथे याद्या ठेवतात. ही साधने पुस्तक ओळखतात ते मुख्यतः आयएसबीएन या क्रमांकावरून. मागच्या मुखपृष्ठावरची उभ्या रेघांची पट्टी म्हणजे हाच क्रमांक. २००७ पासून तो तेरा आकडी आहे. सुरुवातीला ९७८, मग भारतासाठी ८१ किंवा ९३, पुढे प्रकाशकाचा गट, मग त्या पुस्तकाचा, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. डावीकडून आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली तर तिला १० ने पूर्ण भाग जातो. एक आकडा चुकला की हिशेब जुळत नाही आणि यंत्राला चूक कळते.

मराठी वाचकाला इथे दोन अडचणी येतात. आयएसबीएनची पद्धत १९७० च्या आसपास जगभर रुजू लागली, त्यामुळे जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नसतो; बऱ्याच नंतरच्या पुस्तकांवरही सापडत नाही. तिथे प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष हीच ओळख. जुन्या पुस्तकाचे वर्षच फाटून गेले असेल तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची नोंद तिच्या दोन भागांत आहे.

दुसरी अडचण अक्षरांची. आपल्या डोळ्यांना 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल. देशपांडे' आणि 'देशपांडे, पु. ल.' हे एकच गृहस्थ आहेत; संगणकाला ते तिघे आहेत. 'कऱ्हाड'मधला 'ऱ्हा' दिसायला सारखाच, पण आत दोन-तीन वेगळ्या तऱ्हांनी साठवलेला असू शकतो, आणि मग शोध लागत नाही. तक्ता स्वतः करत असाल तर पहिल्याच दिवशी नियम ठरवा: आधी आडनाव, मग आद्याक्षरे, आद्याक्षरांमध्ये एक जागा मोकळी. वर्षे ज्या आकड्यांत लिहाल त्यांतच शेवटपर्यंत लिहा, नाहीतर क्रमवारी बिघडते.

आणि काहीही वापरा, वर्षातून एकदा सगळी यादी आपल्या संगणकावर उतरवून घ्या. गुडरीड्सवर ही सोय आहे; गुडरीड्स स्वतः २०१३ पासून ॲमेझॉनच्या मालकीचे आहे. सेवा बदलतात, विकल्या जातात, बंद पडतात. वीस वर्षांच्या वाचनाची एकमेव प्रत दुसऱ्याच्या दारात ठेवू नये.

ग्रंथालयाकडे आपली यादी असेलच, या भरवशावरही राहू नका. अनेक ग्रंथालयांत वर्षानुवर्षे चाललेल्या ब्राऊन पद्धतीत पुस्तकाच्या खिशातले कार्ड वाचकाच्या कार्डाला जोडून परतीच्या तारखेमागे ठेवतात. पुस्तक परत आले की कार्ड पुन्हा खिशात जाते आणि कोणी काय वाचले याची खूण राहत नाही.

आधी वाचलेल्यांचे काय?

यादी सुरू करताना मागच्या पुस्तकांचे ओझे वाटते. ती सगळी वर्षवार आठवण्याचा प्रयत्न करू नये. आपली आठवण वर्षांनी लावलेली नसते. ती घरांनी, माणसांनी आणि टप्प्यांनी लावलेली असते. म्हणून एकेक कोरे पान एकेका टप्प्याला द्यावे: शाळेतली पेटी, मामाचे घर, वसतिगृह, पहिली नोकरी, आजारपणाचे दिवस. तिथे कपाट कुठे होते, पुस्तके कोण देत असे, हे आधी लिहावे. नावे मागोमाग येऊ लागतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी नंतरच्या काळापेक्षा जास्त संख्येने टिकतात असे अभ्यासांत दिसले आहे, त्यामुळे सुरुवात तिथून करणे सोपे जाते. घरात मोठी माणसे असतील तर त्यांनाही विचारावे. आपण काय वाचत होतो हे पुष्कळदा आईला किंवा ताईला आपल्यापेक्षा चांगले आठवते.

या नोंदींपुढे 'अंदाजे' असे लिहून त्या वहीच्या वेगळ्या भागात ठेवाव्यात, म्हणजे ताज्या, तारीखवार नोंदींत त्या मिसळणार नाहीत. आणि त्यांतले एखादे पुस्तक पुन्हा हाती आले, तर उघडण्याआधी जे आठवते ते चार ओळींत लिहून ठेवावे, मग वाचावे.